बोंडूच्या रसात आयोडीनचा निळा रंग टिकतच नाही, व्हिटॅमिन सी मोजायचं कसं?

बारावी_डिचोली

नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे, केमिस्ट्रीच्या प्रोजेक्टसाठी आपल्याकडच्या फळांतलं व्हिटॅमिन सी आयोडीन टायट्रेशनने (थेंब थेंब आयोडीन घालून किती लागलं ते बघून) मोजतेय. लिंबू, पेरू, आवळा, बोंडू (काजूचं फळ), बिंबल (बिलिंबी) आणि भिरंडं (कोकम) एवढी फळं घेतलीत कारण संत्री-मोसंबी तर सगळेच करतात आणि आपल्या परसातल्या फळांचं कोणी मोजून लिहिलेलं मला वर्गात तरी कधी दिसलं नाही.

पद्धत अशी, फळाचा रस काढून मलमलच्या फडक्यातून गाळते, १० मिली रस कोनिकल फ्लास्कमध्ये, त्यात पाणी आणि १ मिली स्टार्चचं द्रावण, आणि ब्युरेटमध्ये (तोटी असलेली मोजनळी) ०.००५ मोलर (लिटरला ०.००५ मोल) आयोडीन. निळाजांभळा रंग आला की रीडिंग. लिंबाला आणि पेरूला छान जमतंय, तीन रीडिंग जवळजवळ सारखी येतात.

पण बोंडूच्या रसाला निळा रंग येतो आणि हलवता हलवता जातो, मग अजून दोन थेंब, परत येतो, परत जातो, असं चालूच राहतं आणि मला कळत नाही की थांबायचं कुठे. आवळ्याचा आकडा इतका मोठा येतोय की मलाच खरा वाटत नाही. भिरंडाचा रस मुळात लालभडक, त्यात निळं काय दिसणार. आणि आयोडीनची बाटली लॅबमध्ये आधीच बनवून ठेवलेली आहे, कधीची ते लेबलवर नाही, ती तशीच वापरली तर चालेल का? कोणी नीट समजावून सांगाल का, नुसतं उत्तर नको, असं का होतं ते पण हवंय.

फोंड्याचे_सर

बाय, प्रश्न फार छान विचारलास, सगळ्याचं सांगतो, जरा लांबेल.

आधी फ्लास्कमध्ये काय होतं ते बघ. ॲस्कॉर्बिक ॲसिडचा, म्हणजेच व्हिटॅमिन सीचा, एक रेणू आयोडीनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन देतो, आयोडीनचं आयोडाइड होतं आणि ॲस्कॉर्बिकचं डीहायड्रोॲस्कॉर्बिक. ही क्रिया झटकन होते. ॲस्कॉर्बिक संपेपर्यंत पडणारा प्रत्येक थेंब खाल्ला जातो, संपलं की पुढचा थेंब शिल्लक राहतो आणि तो स्टार्चमध्ये शिरून निळा रंग देतो. हिशोब एकास एक. ॲस्कॉर्बिकचा मोलर मास १७६.१२, म्हणून ०.००५ मोलर आयोडीनचा १ मिली म्हणजे ०.८८ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी.

आता खरी गोम अशी की आयोडीनला व्हिटॅमिन सी ओळखता येत नाही. त्याला फक्त इलेक्ट्रॉन देणारा कोणीतरी हवा असतो. लिंबात हे काम जवळजवळ सगळं ॲस्कॉर्बिकच करतं म्हणून तुझं लिंबू सरळ येतं. बोंडूत टॅनिन आहे, आपण बोंडू खाल्ला की घशाला जी चिमटी बसते ना तेच, आणि ते टॅनिनसुद्धा आयोडीनला इलेक्ट्रॉन देतं, पण हळूहळू. म्हणून तुला रंग येतो आणि जातो. पहिल्यांदा रंग येतो तेव्हा ॲस्कॉर्बिक संपलेलं असतं, नंतर रंग जातो तो टॅनिनने खाल्ल्यामुळे. तू थेंब वाढवत गेलीस की टॅनिन मोजत बसतेस.

म्हणून दोन गोष्टी कर. एक, फ्लास्कमध्ये टायट्रेशनच्या आधी पातळ सल्फ्युरिक ॲसिड घाल, १ मोलरचं ५ मिली वगैरे. आम्लात टॅनिनची आयोडीनशी क्रिया बरीच मंदावते, ॲस्कॉर्बिकची मात्र तशीच वेगात राहते. वाइनमधला सल्फर डायऑक्साइड आयोडीनने मोजतात तेव्हासुद्धा ह्याच कारणासाठी आम्ल घालतात, तिथेही द्राक्षांचं टॅनिन असतंच. दोन, पाणी आणि रस फ्रीजमधून गार करून घे, आणि भरभर टायट्रेट कर. रंग २०-३० सेकंद टिकला की तोच एंड पॉइंट, म्हणजे थांबायची जागा, ब्युरेट बंद. मिनिटाने रंग गेला तर जाऊ दे, त्याच्या मागे लागायचं नाही.

बाटलीबद्दल: तशी वापरू नको. आयोडीन उडून जातं, उन्हाळ्यात तर फारच, आणि बुचाला फट असली तर महिन्याभरात ०.००५ चं काय झालं असेल ते देवाला माहीत. स्टँडर्डाइज केल्याशिवाय, म्हणजे माहीत असलेल्या ॲस्कॉर्बिकवर आयोडीनची खरी ताकद तपासल्याशिवाय, कुठलाही आकडा लिहायचा नाही. शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड १०० मिलिग्रॅम नीट तोलून १०० मिली फ्लास्कमध्ये विरघळव, त्यातलं १० मिली म्हणजे बरोबर १० मिलिग्रॅम. आयोडीन खरंच ०.००५ असेल तर ११.३६ मिली लागेल. समज १२.५ मिली लागलं, तर १ मिली म्हणजे ०.८० मिलिग्रॅम, आणि मग मोलॅरिटीचा विचारच करायची गरज नाही, पुढच्या सगळ्या फळांना तोच आकडा लाव. ज्या दिवशी टायट्रेशन त्याच दिवशी हे करायचं. ॲस्कॉर्बिकचं द्रावणही ताजंच हवं, रात्रभर ठेवलेलं नको.

भिरंडाचं नंतर लिहितो, पेपर तपासायचे आहेत.

क्यूसी_वेर्णा

सरांनी मुद्द्याचं सांगितलंय. मी फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, आमच्याकडे ॲस्कॉर्बिक ॲसिडची ॲसे (शुद्धतेची मोजणी) आयोडीननेच होते, इंडियन फार्माकोपियातलीच (औषधांच्या मानकांचं सरकारी पुस्तक) पद्धत, साधारण ०.१ ग्रॅम पावडर, उकळून गार केलेलं पाणी आणि पातळ सल्फ्युरिक, ०.०५ मोलर आयोडीन, स्टार्च. १ मिलीला ८.८०६ मिलिग्रॅम. म्हणजे शाळेतली पद्धत म्हणून कमी समजू नको, शुद्ध पदार्थाला ती एकदम पक्की आहे. पाणी उकळून का, तर त्यात विरघळलेला ऑक्सिजन जावा म्हणून. नळाचं पाणी अजिबात नको, त्यातलं क्लोरीन ॲस्कॉर्बिक खातं, विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर तेही त्रास देतं. डिस्टिल्ड घे.

पण माझं मत विचारशील तर आयोडीनची बाटली बाजूलाच ठेव आणि पोटॅशियम आयोडेट वापर. आपल्या आयोडीनवाल्या मिठात असतं तेच. ते उडत नाही, खराब होत नाही, वाळवून तोललं की तेच स्टँडर्ड. ०.४२८ ग्रॅम आयोडेट १ लिटरमध्ये म्हणजे ०.००२ मोलर, हे ब्युरेटमध्ये. फ्लास्कमध्ये रस, पातळ ॲसिड, स्टार्च आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण ५ मिली. आयोडेटचा थेंब पडला की आयोडाइड आणि आम्लाशी मिळून तिथल्या तिथे आयोडीन तयार होतं, एका आयोडेटपासून तीन आयोडीन, आणि ते लगेच ॲस्कॉर्बिककडे जातं. म्हणून १ मिली आयोडेट म्हणजे १.०६ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी. आयोडीन तयार होतं तसं वापरलं जातं, त्यामुळे उडायचा प्रश्नच येत नाही, आणि आम्ल आधीच घातलेलं असल्यामुळे टॅनिनचंही निम्मं काम झालं.

जर आयोडीनच वापरणार असशील तर ब्युरेट काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या कॉकची घे, रबरी नळी आणि चिमट्याची नको, आयोडीन रबराला लागतं. स्फटिक तोलताना लोखंडी चमचा नको. आणि आयोडीन नुसत्या पाण्यात विरघळत नाही, १ लिटरला १.२७ ग्रॅम आयोडीन असेल तर ५ ग्रॅमभर पोटॅशियम आयोडाइड आधी थोड्याशा पाण्यात विरघळवून त्यात आयोडीन घालून पूर्ण विरघळेपर्यंत हलवायचं आणि मगच पाणी वाढवायचं. आधीच पाणी वाढवलं तर तळाला कण राहतात.

कुळागरवाली

मला टायट्रेशनमधलं काही कळत नाही, पण बोंडू कळतो, आमची काजूची बाग आहे सत्तरीत. एक सांगते, तू कुठले बोंडू घेतलेस त्यावर सगळं आहे. झाडावरचा अर्धकच्चा बोंडू फार तुरट, पिकून आपसूक पडलेला कमी तुरट आणि रसाळ. सकाळी वेचलेला असेल तर ठीक, दुपारपर्यंत उन्हात राहिला की रसाला आंबटगोड वास यायला लागतो, फसफसतो. तुझ्या प्रोजेक्टला सकाळी लवकर वेचलेला, न फुटलेला घे आणि तास-दोन तासांत लॅबला ने, बर्फात घालून.

आणि रस तांब्याच्या भांड्यात काढू नको. पूर्वी आमच्याकडे भाटीचं (दारू गाळायच्या भट्टीचं) तांब्याचं भाण असायचं, त्याच्या आसपासच सगळं व्हायचं, पण जीवनसत्त्व मोजायचं तर स्टील किंवा काच. लाल बोंडू आणि पिवळा बोंडू वेगवेगळे मोज, एकत्र करू नको, मला स्वतःला जाणून घ्यायचंय कुठल्यात जास्त.

फोंड्याचे_सर

कुळागरवाली ताई, तांब्याचं अगदी बरोबर. तांब्याचे अगदी थोडे आयन असले तरी हवेतला ऑक्सिजन ॲस्कॉर्बिकला पटापट खातो. मिक्सरमध्ये फळ फिरवलं की तेच, हवा मिसळते आणि फळातलं स्वतःचं एन्झाइमही सुटतं. म्हणून पेरू, आवळा वगैरे मिक्सरला लावताना नुसतं पाणी न घालता पातळ ऑक्झॅलिक ॲसिड घालायचं, अर्धा ते एक टक्का. आम्लात एन्झाइम बंद पडतं आणि ऑक्झॅलिक धातूंना धरून ठेवतं. मोठ्या लॅबमध्ये मेटाफॉस्फोरिक ॲसिड वापरतात, ते जास्त चांगलं पण महाग आणि आपल्याकडे मिळायला कठीण. ऑक्झॅलिक बारावीच्या लॅबमध्ये असतंच, परमँगनेटच्या टायट्रेशनला. विषारी आहे, तोंडाने पिपेट करायचं नाही आणि उरलेला रस कोणी पिणार नाही ह्याची काळजी घ्यायची.

इथे कोणी विचारेल की ऑक्झॅलिकसुद्धा इलेक्ट्रॉन देतं, परमँगनेटला देतंच की, मग आयोडीनला नाही का देणार? नाही देत, आयोडीन परमँगनेटइतकं जोरदार नाही, ह्या परिस्थितीत ऑक्झॅलिक त्याला दाद देत नाही. म्हणूनच तुझ्या यादीतलं बिंबल आयोडीनने मोजता येतं. बिंबलात ऑक्झॅलिक भरपूर, कोणी हौसेने परमँगनेटने व्हिटॅमिन सी मोजायला गेलं तर बिंबल सगळ्या फळांत पहिलं येईल आणि तो आकडा निव्वळ ऑक्झॅलिकचा असेल. हे तुझ्या रिपोर्टमध्ये एक पॅराग्राफ म्हणून नक्की लिही, व्हायव्हाला हाच प्रश्न येतो.

पेरूचा हिशोब कसा मांडायचा ते पण बघ. ५० ग्रॅम पेरू ऑक्झॅलिकबरोबर वाटून, गाळून, २५० मिली करायचं. त्यातलं २५ मिली म्हणजे ५ ग्रॅम पेरू. समज त्याला ०.००५ मोलर आयोडीन १२ मिली लागलं, १२ गुणिले ०.८८ म्हणजे १०.५६ मिलिग्रॅम ५ ग्रॅमात, म्हणजे १०० ग्रॅमला २११. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात पांढऱ्या पेरूला २१४ दिलंय, तेव्हा ह्याच्या आसपास आलीस तर पद्धत जमली. त्याच तक्त्यात आवळ्याला २५२ आहे, आणि संस्थेच्या जुन्या पुस्तकात आवळ्याला ६०० असायचं, अजून कितीतरी ठिकाणी तोच ६०० चा आकडा छापतात. सगळा फरक मोजायच्या पद्धतीमुळेच असेल असं मी म्हणणार नाही, जात वेगळी, पिकणं वेगळं, पण आवळ्यात टॅनिन आणि गॅलिक ॲसिड किती आहे हे माहीत असताना आयोडीनने आलेला मोठा आकडा डोळे मिटून लिहू नको. तुझी शंका योग्य आहे.

पर्वरीचा_पालक

मधेच घुसतोय, माफ करा. मुलगा आठवीत आहे, त्यालाही हे करून बघायचंय, घरी होईल का? मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन चालतं का? ब्युरेट वगैरे काही नाहीये.

क्यूसी_वेर्णा

चालतं. फार्माकोपियातलं वीक आयोडीन सोल्युशन म्हणजे २ टक्के आयोडीन आणि २.५ टक्के पोटॅशियम आयोडाइड, अल्कोहोलमध्ये. एक भाग टिंक्चर आणि पंधरा भाग पाणी केलं की साधारण ०.००५ मोलर होतं. स्टार्च म्हणून भाताची पेज गाळून, गार करून, चार-पाच थेंब. गरम असताना घालू नका, गरम असताना निळा रंग दिसतच नाही. ब्युरेटऐवजी ५ मिलीची सुई काढलेली सिरिंज.

स्टँडर्डला व्हिटॅमिन सीची ५०० ची गोळी घ्या, पण पाठीमागचं लेबल वाचा. चघळायच्या गोळीत बऱ्याचदा सगळं ॲस्कॉर्बिक नसतं, १०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आणि ४५० मिलिग्रॅम सोडियम ॲस्कॉर्बेट असं असतं. ४५० ॲस्कॉर्बेट म्हणजे ४०० ॲस्कॉर्बिक, बेरीज ५०० च. आयोडीनला दोन्ही सारखंच. गोळी कुटून अर्धा लिटर पाण्यात, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम. त्यातलं ५ मिली घेऊन किती आयोडीन लागतं ते बघा, मग ५ मिली लिंबाचा रस, आणि तुलना करा. टिंक्चरने कपड्यांना डाग पडतात आणि त्यात अल्कोहोल आहे, गॅसपासून लांब. मोठ्यांनी शेजारी थांबायचंच.

एक मात्र, मुलाला बाटलीतलं सरबत किंवा स्क्वॅश मोजू देऊ नका, किंवा मोजायचंच तर लेबलवर प्रिझर्व्हेटिव्ह २२४ आहे का बघा. ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, त्यातला सल्फाइट आयोडीनला ॲस्कॉर्बिकसारखाच खातो, आकडा उगाच फुगतो. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, त्याचा काही त्रास नाही.

बारावी_डिचोली

सर, दादा, ताई, सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज पोटॅशियम आयोडेटने केलं, ॲसिड घालून, बर्फाच्या पाण्यात फ्लास्क ठेवून. बोंडूचा रंग आता टिकतो, तीनही रीडिंग जवळ आली, आणि आधीपेक्षा आकडा खाली आला. पिवळा आणि लाल वेगळे करतेय ताई, सांगते तुम्हाला.

आता माझा पुढचा प्रश्न. ॲसिडने टॅनिनची क्रिया मंदावते असं सर म्हणाले, बंद होते असं नाही म्हणाले. मग उरलेल्यात टॅनिन किती आणि व्हिटॅमिन सी किती हे कसं सांगायचं? वर्गातली मैत्रीण म्हणते की रसात माहीत असलेलं ॲस्कॉर्बिक घालून बघ, तेवढंच वाढलं तर पद्धत बरोबर. हे पुरेसं आहे का?

क्यूसी_वेर्णा

मैत्रिणीचा विचार चांगला आहे, आम्ही ह्याला स्पाइक म्हणतो आणि रोज करतो. पण ह्या प्रश्नाला तो पुरत नाही. समज रसात ८ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आहे आणि टॅनिन २ मिलिग्रॅमइतकं खातं, तुला १० दिसणार. त्यात ५ घातलंस तर १५ दिसणार, म्हणजे ५ चे ५ परत आले, स्पाइक पास, आणि तरीही तुझा मूळचा १० चुकीचाच. स्पाइकने कळतं की वाटेत काही हरवत नाहीये. काही फुकटचं मिसळतंय का ते त्याने कळत नाही.

त्याला ब्लँक हवा, आणि ब्लँक असा हवा ज्यात बाकी सगळं आहे आणि फक्त व्हिटॅमिन सी नाही.

फोंड्याचे_सर

आणि तो ब्लँक काकडीने करता येतो! मला हे फार आवडतं म्हणून मीच लिहितो.

काकडी, दुधी, भोपळा ह्या घराण्यात ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, तांबं असलेलं एन्झाइम आहे. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन ॲस्कॉर्बिकला डीहायड्रोॲस्कॉर्बिक करतं. टॅनिनला ते जवळपास हात लावत नाही. म्हणजे बोंडूच्या रसात ताज्या काकडीचा रस घालून हवेत थोडा वेळ हलवत ठेवलं की व्हिटॅमिन सी जातं, बाकीचं राहतं. मग आम्ल घालून टायट्रेट केलंस की जे रीडिंग येईल ते फक्त इतरांचं, आणि पहिल्या रीडिंगमधून ते वजा.

करताना काळजी अशी घे. हे एन्झाइम आंबटात चालत नाही, त्याला पीएच ६ च्या आसपास लागतो, म्हणून ह्या भागात ऑक्झॅलिक घातलेला रस वापरायचा नाही, साधा ताजा रस घेऊन सोडियम ॲसिटेट घालून आंबटपणा कमी करायचा, पीएच पेपरने बघायचं. काकडी ताजी किसून, पिळून, गाळून, लगेच वापरायची. रुंद तोंडाच्या फ्लास्कमध्ये १५-२० मिनिटं हलवत ठेव, ऑक्सिजन मिळाला पाहिजे. टॅनिन प्रोटीनला चिकटतं, एन्झाइम म्हणजे प्रोटीनच, म्हणून बोंडूचा रस चांगला पातळ कर आणि काकडीचा रस हात सैल सोडून घाल. सगळ्यात आधी हे शुद्ध ॲस्कॉर्बिकवर करून बघ, रीडिंग जवळजवळ शून्यावर आलं तर एन्झाइम काम करतंय. काकडीच्या रसाचा एकट्याचा पण ब्लँक काढ आणि तोही वजा कर, त्यातसुद्धा थोडं काहीतरी असतंच. पावसाळ्यात करशील तर आपलं तवशें (गावठी काकडी) वापर, तेही चालेल.

पीएच ६ ला टॅनिनपण हवेने थोडं खराब होतं, तेव्हा हा ब्लँक शंभर टक्के नाही. पण बोंडू आणि आवळ्याचा आकडा ब्लँकशिवाय लिहिण्यापेक्षा हा कितीतरी प्रामाणिक.

क्यूसी_वेर्णा

सर, हे मस्त आहे, मी कधी काकडीने केलं नव्हतं. एक भर घालतो. आपण इथे आकडा फुगण्याबद्दलच बोलतोय, पण आयोडीन कमीसुद्धा दाखवतं. डीहायड्रोॲस्कॉर्बिक शरीरात गेलं की परत ॲस्कॉर्बिक होतं, म्हणजे तेही व्हिटॅमिन सीच धरतात, पण त्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉन उरलेले नसतात, त्यामुळे आयोडीनला ते दिसत नाही. ताज्या फळात ते थोडंच असतं, कापून ठेवलेल्या किंवा शिळ्या रसात वाढतं. म्हणून कापून दोन तास ठेवलेल्या पेरूचा आकडा खाली आला तर 'व्हिटॅमिन सी नष्ट झालं' असं लिहू नको, 'ॲस्कॉर्बिक ॲसिड कमी झालं' असं लिही. दोन्ही वेगवेगळं मोजायचं तर एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लागतं, ते कॉलेजात गेल्यावर.

जुन्या_वाटा

केमिस्ट्रीवाल्यांच्या गप्पांत थोडा इतिहास. वास्को द गामा परतीच्या वाटेवर अरबी समुद्र ओलांडताना वारा नसल्यामुळे जवळजवळ तीन महिने अडकला होता, ऑक्टोबर १४९८ ते जानेवारी १४९९, आणि खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त यायला लागलं, माणसं मेली. मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवली. म्हणजे फळाने हा आजार (स्कर्व्ही) बरा होतो असं खलाशांना वाटायचं, पण फळात नेमकं काय, म्हणजे व्हिटॅमिन सी, ते १९२८ पर्यंत कोणी वेगळं काढलं नव्हतं. ते सेंट-ग्योर्गी ह्या हंगेरियन शास्त्रज्ञाने काढलं, नंतर भरपूर प्रमाणात मिळवलं ते पाप्रिका मिरचीपासून, आणि १९३७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आणि ज्या काजूच्या बोंडूवर ही सगळी चर्चा चाललीय ते झाड पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून इथे आणलं. ह्या मुलीचा प्रोजेक्ट मला फार आवडला, मिरचीपण मोज असं सुचवतो.

बारावी_डिचोली

मिरची छान आहे, हिरवी मिरची घेते, रंगाचा त्रास पण कमी.

काकडीचं शुद्ध ॲस्कॉर्बिकवर करून बघितलं, रीडिंग खरंच जवळजवळ गेलं! लॅबमध्ये सगळे बघायला जमले होते. आता बोंडू आणि आवळ्यावर करते. भिरंडाचं तेवढं राहिलं सर.

फोंड्याचे_सर

शाबास.

भिरंडाचा लाल रंग म्हणजे ॲन्थोसायनिन, आम्लात लाल राहतं, म्हणजे आपण आम्ल घालतो तेव्हा अजूनच उठून दिसतं. रस खूप पातळ कर, ५ मिली रसाला १५० मिली पाणी, फ्लास्कखाली पांढरा कागद, आणि बाजूला तसाच पातळ केलेला रस स्टार्चसकट दुसऱ्या फ्लास्कमध्ये, टायट्रेट न करता. दोन्ही शेजारी ठेवून बघत जा. निळं असं दिसणार नाही, लाल रंग अचानक मळकट जांभळा होतो, तो बदल धरायचा. तीन रीडिंग जुळली नाहीत तर जबरदस्ती करू नको.

दुसरा मार्ग डोळ्यांऐवजी मीटरचा. प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड आणि रेफरन्स इलेक्ट्रोड फ्लास्कमध्ये ठेवून मिलिव्होल्ट वाचायचे, ॲस्कॉर्बिक संपलं की व्होल्टेज एकदम उडी मारतं, रंग लाल असो की काळा. तुमच्या हायर सेकंडरीत नसेल पण जवळच्या कॉलेजच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटला असतं, सरांची चिठ्ठी घेऊन गेलीस तर नाही म्हणणार नाहीत.

आणि ताजं भिरंड घे, वाळवलेली सोलं नको. सोलं उन्हात वाळवताना व्हिटॅमिन सी बरंचसं गेलेलं असतं, मग जे रीडिंग येईल त्यात रंगाचा आणि बाकीच्यांचा वाटा किती ते सांगणं अवघड.

बारावी_डिचोली

मग भिरंडाचा आकडा तक्त्यात घालू की नको? कॉलेजात जाऊन विचारते, पण सबमिशन जवळ आलंय.

क्यूसी_वेर्णा

मीटर मिळालं तर घाल. नाही मिळालं तर तक्त्यात भिरंडाची ओळ ठेव, आकड्याच्या जागी 'एंड पॉइंट निश्चित करता आला नाही' असं लिही आणि खाली कारण दे. बोंडू आणि आवळ्याला दोन कॉलम कर, ब्लँक वजा करायच्या आधीचा आणि नंतरचा. एक्झामिनरने विचारलं तर तुझ्याकडे उत्तर आहेच.

कुळागरवाली

पिवळा की लाल ते सांगायला विसरू नको गो. आणि अजून बोंडू लागले तर कळव, ह्या आठवड्यात पडायला लागलेत भरपूर.

बारावी_डिचोली

लागतील ताई! लाल कमी पडलेत. आयोडेटचं पहिलं रीडिंग लालचं थोडं जास्त आहे पण काकडीचा ब्लँक अजून काढला नाही, तो काढल्याशिवाय कुठल्यात जास्त ते नाही सांगत. देव बरें करूं सगळ्यांना.